सतरा सप्टेंबरनंतर : हैदराबाद मुक्तिलढ्याचे कथन आणि स्त्रियांची साक्ष

१

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मिरजगाव हे बाजाराचे गाव आहे. गावाच्या पूर्वेला काही अंतरावर सीना नदी आणि तिच्या पलीकडे बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका. आज ही दोन जिल्ह्यांमधील साधी हद्द आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मात्र ती दोन राज्यांमधील सरहद्द होती : अलीकडे मुंबई प्रांत आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. या पट्ट्यातील लोकांच्या बोलण्यात पलीकडच्या मुलखाला 'मोगलाई' हा शब्द संस्थान विलीन झाल्यानंतरही बराच काळ टिकून होता. भाषा एक, पीकपाणी एक, देवस्थाने एक आणि सोयरीकही एक. माहेर इंग्रजी अमलात आणि सासर मोगलाईत, अथवा त्याच्या उलट, अशा स्त्रिया या पट्ट्यातील गावोगावी होत्या. म्हणजे राजकीय नकाशावरील ही रेघ ओलांडणे हा स्त्रियांच्या आयुष्याचा नित्याचा भाग होता.

हैदराबादच्या मुक्तिलढ्याचा जो इतिहास मराठीत लिहिला गेला त्यात ही सरहद्द वारंवार येते. निजामी राजवटीतून निसटलेले कार्यकर्ते सरहद्दीलगतच्या मुंबई प्रांतातील आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातील शिबिरांत एकत्र येत, शस्त्रे मिळवीत आणि पलीकडे जाऊन करोडगिरीच्या व पोलिसांच्या नाक्यांवर हल्ले करीत. रझाकारांच्या भयाने घरदार सोडलेली कुटुंबेही याच रेघेवरून अलीकडे आली. एकीकडून निर्वासित येतात, दुसरीकडून कार्यकर्ते जातात आणि शेवटी भारतीय सैन्य आत शिरते, असा या सरहद्दीचा कथनातील उपयोग आहे. परंतु १९४८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात याच रेघेवरून आणखी एक वाहतूक झाली, आणि तिच्यात पळवून नेलेल्या स्त्रिया होत्या. मराठी कथनाच्या मुख्य प्रवाहात तिला जागा मिळालेली नाही.

ही जागा का मिळाली नाही, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ लेखकांच्या पूर्वग्रहात शोधणे अपुरे ठरेल. प्रश्न कथनाच्या रूपाचा आहे. ज्या रूपात हा इतिहास सांगितला गेला त्या रूपात स्त्रीवरील हिंसा फक्त पुरावा म्हणून येऊ शकते, आणि जेथे तिचा पुरावा म्हणून उपयोग संपतो तेथे ती दिसेनाशी होते, असे येथे मांडावयाचे आहे.

२

घटनाक्रम थोडक्यात असा आहे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या स्थापनेबरोबरच तिच्यावर बंदी आली. ७ ऑगस्ट १९४७ पासून विलीनीकरणाच्या मागणीसाठी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे स्वयंसेवक दल म्हणजे रझाकार. लातूरचे वकील कासिम रझवी त्यांचे सर्वाधिकारी होते. १९४८ च्या पूर्वार्धात रझाकारांचे हल्ले वाढत गेले. मे महिन्यात बीदर जिल्ह्यातील गोर्टा येथे मोठे हत्याकांड झाले. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली आणि मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्याकडे लष्करी प्रशासन आले. त्यानंतर २६ जानेवारी १९५० पासून एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री म्हणून नेमले गेले, आणि १९५२ मध्ये निवडून आलेले सरकार सत्तेवर आले.

म्हणजे लढाई पाच दिवसांची आणि तिच्यानंतरचा संक्रमणकाळ साडेतीन वर्षांचा. पण स्मृतीत पाच दिवसांनी साडेतीन वर्षे गिळून टाकली आहेत. हेडन व्हाइट या अभ्यासकाने १९७३ मध्ये 'मेटाहिस्टरी' या ग्रंथात असे दाखवले की, इतिहासकार घटनांना कथानकाचा आकार देतो आणि या आकारातूनच त्यांना अर्थ प्राप्त होतो. कोठे प्रारंभ करायचा व कोठे थांबायचे हा निर्णय घटनांमध्ये आधीच दडलेला नसतो. तो निवेदक घेतो. मुक्तिलढ्याच्या आत्मकथनांचा आकृतिबंध या दृष्टीने पाहावा. बालपणीची निजामी शाळा, उर्दूची सक्ती, आर्यसमाज किंवा महाराष्ट्र परिषद यांच्यामुळे झालेली जागृती, सत्याग्रह, तुरुंग, सीमेवरील शिबिर, एखादी धाडसी मोहीम (३० जानेवारी १९४८ ची उमरी बँकेची लूट हा तिचा नमुना) आणि अखेरीस गावात फडकलेला तिरंगा. हे कथानक अंधारातून प्रकाशाकडे जाते, आणि प्रकाश आल्यावर सांगण्यासारखे काही उरत नाही. स्वामी रामानंद तीर्थांची १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेली इंग्रजी स्मरणे, अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा १९८७ चा ग्रंथ आणि नरहर कुरुंदकरांचे चिंतन यांची वैचारिक उंची वेगळी आहे. त्यांच्यामागून जी शेकडो जिल्हावार, तालुकावार स्मरणपुस्तके व गौरवग्रंथ निघाले त्यांनी मात्र हा आकृतिबंध जसाच्या तसा स्वीकारला.

महाराष्ट्रात १७ सप्टेंबर हा 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' म्हणून पाळला जातो आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने तो दरवर्षी 'हैदराबाद मुक्ती दिन' म्हणून पाळण्याचे अधिसूचित केले. तारीख अशी शासकीय झाली की कथानकाचा शेवटही शासकीय होतो.

३

सतरा सप्टेंबरपूर्वीच्या कथनात स्त्री अनुपस्थित आहे असे मुळीच नाही. ती जागोजागी आहे. रझाकारांनी आणि निजामी पोलिसांनी स्त्रियांवर केलेले बलात्कार व विटंबना ही वस्तुस्थिती होती आणि तिचे गांभीर्य कोणत्याही कारणाने कमी लेखता येणार नाही. भारत सरकारने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हैदराबादविषयक श्वेतपत्रिकेत रझाकारांच्या अत्याचारांच्या नोंदी आहेत. त्यांच्या आधारेच हस्तक्षेपाचे समर्थन उभे राहिले. वृत्तपत्रे, सभांमधील भाषणे आणि पुढील आत्मकथने यांमध्येही स्त्रियांवरील अत्याचार हा राजवटीच्या अमानुषपणाचा निर्णायक पुरावा म्हणून येतो.

या नोंदींची भाषा मात्र बारकाईने वाचली पाहिजे. तिचा आधारशब्द आहे 'अब्रू'. हा फारसी शब्द मूळचा चेहऱ्याच्या पाण्याचा, म्हणजे तेजाचा; तेथून तो लौकिकाकडे वळला. मराठीत 'अब्रूनुकसानी'चा दावा पुरुषही लावतो, आणि 'घराण्याची अब्रू' हा प्रयोग तर सर्वपरिचित आहे. एकाच शब्दाने पुरुषाची पत, घराण्याचा लौकिक आणि स्त्रीचे शरीर असे तीन अर्थ वाहावेत ही भाषेतील योगायोगाची गोष्ट नव्हे. 'आमच्या लेकीसुनांची अब्रू लुटली गेली' या ठरीव वाक्यरचनेत 'आमच्या' हे सर्वनाम पुरुष समूहाचे आहे. स्त्री 'लेक' किंवा 'सून' या नात्याने, म्हणजे कोणाची तरी म्हणून येते. 'लुटणे' हे क्रियापद तिला धान्य आणि दागिने यांच्या पंक्तीला बसवते. आणि कर्मणी प्रयोगामुळे कर्ता व जिच्यावर आघात झाला ती, असे दोघेही पडद्याआड जातात. उरते ती केवळ हानी, आणि ती हानी समूहाची असते.

या भाषेचे दोन परिणाम संभवतात. पहिला असा की, जिला 'अब्रू' आहे असे गाव मानते तिच्यावरचाच अत्याचार या भाषेत सांगता येतो. अस्पृश्य ठरवलेल्या जातींमधील स्त्रिया, भटक्या जमातींतील स्त्रिया, देशमुख-जहागीरदारांच्या वाड्यांवर राबणाऱ्या स्त्रिया यांच्या शरीरावर वर्चस्व गाजवणे हा गावगाड्याचा नित्याचा व्यवहार होता. तो रझाकारांपूर्वीही होता आणि त्यांच्यानंतरही राहिला. 'अब्रू'च्या भाषेला तो दिसत नाही, कारण त्यातून वरिष्ठ समूहाची कोणतीही हानी होत नाही. दुसरा परिणाम अधिक घातक आहे. स्त्रीचे शरीर समूहाच्या मानाचे ठिकाण ठरले की सूड घेण्याचे ठिकाणही तेच ठरते. 'आमच्या' अब्रूची भरपाई 'त्यांच्या' अब्रूने करण्याचा हिशोब या भाषेत आधीच मांडलेला असतो.

या कथनात स्त्री दुसऱ्या एका रूपातही येते, ते वीरांगनेचे. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी सशस्त्र मोहिमांमध्ये भाग घेतला हे सर्वज्ञात आहे. त्यांचा गौरव मराठवाड्याची झाशीची राणी म्हणून केला जातो. गौरव रास्तच आहे. पण राणीची उपमा काय करते हेही पाहावे. ती एका खेड्यातील स्त्रीला तिच्या काळातून, तिच्या शेजारणींतून आणि तिच्यासोबत भाकऱ्या थापणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, भूमिगतांना लपवणाऱ्या स्त्रियांमधून उचलून एका आधीच परिचित असलेल्या चित्रात बसवते. अपवाद म्हणून तिची पूजा होते आणि त्यामुळे नियमाची चौकशी टळते. एका टोकाला जिची अब्रू गेली ती अनाम स्त्री आणि दुसऱ्या टोकाला वीरांगना; मध्ये जो लाखो स्त्रियांचा प्रदेश आहे तेथे कथन थांबतच नाही.

४

१९४८ च्या नोव्हेंबरअखेरीस पंतप्रधान नेहरूंच्या सूचनेवरून एक सदिच्छा मंडळ हैदराबाद संस्थानात आले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार हे त्याचे प्रमुख सदस्य. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात या मंडळाने संस्थानच्या १६ जिल्ह्यांपैकी ९ जिल्ह्यांचा दौरा केला आणि ज्या गावांना जाता आले नाही अशा शंभरावर गावांतील पाचशेहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. मंडळाच्या अंदाजानुसार पोलीस कारवाईच्या काळात व तिच्यानंतर संस्थानात कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली. त्यातील बहुसंख्य मुसलमान होती. उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली होती. औरंगाबाद आणि बीड जिल्ह्यांतही हत्या झाल्या. लष्कराच्या एकंदर शिस्तीची अहवालाने दखल घेतली. त्याचबरोबर काही ठिकाणी सैनिकांनीच लुटीला चिथावणी दिल्याचेही नोंदवले. रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेले स्थानिक लोक आणि सोलापूर व भारतीय हद्दीतील इतर शहरांतून आलेल्या सशस्त्र टोळ्या, असे दोन्ही प्रकारचे हल्लेखोर त्यात दिसतात. बलात्कार झाले, स्त्रिया पळवून नेल्या गेल्या, आणि काहींना संस्थानाबाहेर सोलापूर व नागपूर यांसारख्या शहरांत नेण्यात आले, अशी नोंद त्यात आहे. मृतदेहांनी भरलेल्या विहिरींचेही वर्णन आहे. त्यांपैकी एका विहिरीत छातीशी बिलगलेल्या मुलासह एका स्त्रीचे प्रेत मंडळाला आढळले.

सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. ओमर खालिदी यांच्या १९८८ मधील संपादित ग्रंथातून आणि नंतर ए. जी. नूरानी यांच्या लेखनातून, विशेषतः 'द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद' या २०१३ च्या पुस्तकातून, त्याचा मोठा भाग अभ्यासकांपुढे आला. पुढे सुनील पुरुषोत्तम आणि अफसर मोहम्मद यांच्यासारख्या संशोधकांनी या काळाच्या हिंसेचा स्वतंत्र अभ्यास केला. तरीही मराठीच्या वाङ्मयीन चर्चेत या अहवालाला साहित्यदृष्ट्या वाचण्याचा प्रयत्न व्हावयास हवा तसा झालेला नाही. तो व्हावा असे एक खास कारण आहे.

मंडळाचे दोन्ही प्रमुख सदस्य लेखक होते. सुंदरलाल यांचे 'भारत में अंग्रेज़ी राज' हे १९२९ चे पुस्तक ब्रिटिश सरकारने जप्त केले होते. काझी अब्दुल गफ्फार हे हैदराबादच्या 'पयाम' या उर्दू दैनिकाचे संपादक, आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लैला के ख़ुतूत' या कादंबरीचे लेखक. ही कादंबरी पत्ररूप आहे; पत्रे लिहिणारी लैला ही वेश्या आहे, आणि ती प्रथमपुरुषी एकवचनात पुरुषी समाजाच्या ढोंगाचा पंचनामा करते. म्हणजे ज्या लेखकाने कल्पित स्त्रीला दीर्घ, तिखट, स्वायत्त वाणी दिली, त्याच लेखकाची सही असलेल्या अहवालात प्रत्यक्ष स्त्रिया एका यादीतील घटक म्हणून येतात. बलात्कार, अपहरण, लूट, जाळपोळ, मशिदींची विटंबना, सक्तीचे धर्मांतर, घरे व जमिनी बळकावणे अशी ती यादी आहे. ओळखीचा क्रम येथेही दिसतो : स्त्री पुन्हा मालमत्तेच्या आणि धर्मस्थळाच्या शेजारी.

यात लेखकाच्या संवेदनशीलतेचा दोष शोधण्याचे कारण नाही. अहवाल हा लेखनप्रकारच असा आहे की त्यात साक्ष नाहीशी होऊन निष्कर्ष उरतो. त्यात बोलणारी व्यक्ती 'साक्षीदार' होते, साक्षीदारांची संख्या होते आणि संख्येचा अंदाज होतो. रणजित गुहा यांनी १९८७ मधील 'चंद्राज डेथ' या निबंधात दाखवले आहे की, कायद्याच्या कागदात गुन्हा सिद्ध करण्यासाठी जेवढे लागते तेवढेच मरण शिल्लक राहते. स्त्रीचे दुःख, तिच्या आईबहिणींची धडपड आणि त्यांच्यातील एकोपा हे त्या कागदाच्या कडांवर शोधावे लागतात. सुंदरलाल अहवालाच्या बाबतीत ही कड एका लहानशा नोंदीत सापडते. पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रियांना परत आणण्यास अनेक हिंदूंनी मदत केली, आणि काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंचे रक्षण करताना स्वतः जीवही गमावले, असे अहवाल सांगतो. या नोंदीत एक पूर्ण कादंबरी दडलेली आहे. कोणाच्या घरातून कोणी त्या स्त्रीला सोडवले? तिला विचारले गेले का? परत आल्यावर तिच्या घराने तिला घेतले का? अहवाल यांतील एकाही प्रश्नापाशी थांबू शकत नाही. त्याचे प्रयोजन वेगळे आहे. या प्रश्नांपाशी थांबणे हे साहित्याचे काम होते.

५

परत आणण्याचे काम व्यक्तींच्या चांगुलपणावर सोडले गेले, ही गोष्ट त्या वेळच्या कायद्याशी ताडून पाहिली पाहिजे. फाळणीनंतर पंजाबात पळवून नेलेल्या स्त्रियांच्या शोधासाठी भारत आणि पाकिस्तान यांच्यात डिसेंबर १९४७ मध्ये समझोता झाला. १९४९ मध्ये 'अपहृत व्यक्ती (पुनर्प्राप्ती आणि प्रत्यर्पण) कायदा' संमत झाला. संयुक्त प्रांत, पूर्व पंजाब, दिल्ली, पतियाळा व पूर्व पंजाब संस्थान संघ आणि राजस्थान यांना तो लागू होता. हैदराबादचा त्यात समावेश नव्हता. १ मार्च १९४७ ते १ जानेवारी १९४९ हा कायद्याने धरलेला काळ. हैदराबादमधील घटना याच काळातील आहेत. पण कायद्याने धरलेला प्रदेश वेगळा होता, कारण त्या कायद्यामागची कल्पना दोन राष्ट्रांमधील देवघेवीची होती. हैदराबादच्या स्त्रीला परत देण्यासाठी दुसरे राष्ट्र नव्हते. तिचे घर आणि तिला पळवणाऱ्याचे घर एकाच देशात, अनेकदा एकाच जिल्ह्यात होते. राष्ट्राच्या हिशोबात ती हरवलेलीच नव्हती.

अर्थात, कायदा लागू असता तर न्याय झाला असता असेही म्हणता येणार नाही. उर्वशी बुटालिया, तसेच ऋतु मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ च्या आपापल्या ग्रंथांतून दाखवले की, पंजाबात सुमारे ३० हजार स्त्रियांची 'पुनर्प्राप्ती' झाली खरी. परंतु त्या कायद्यात स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेला स्थान नव्हते. कोणत्या धर्माची म्हणून तिला कोठे पाठवायचे हे न्यायाधिकरण ठरवीत होते. म्हणजे पंजाबात राज्यसंस्थेने स्त्रीला न विचारता हलवले आणि हैदराबादेत न विचारता जेथल्या तेथे राहू दिले. दोन्हीकडे न विचारणे समान आहे.

राज्यसंस्थेच्या स्मृतीचे दुसरे ठिकाण म्हणजे स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन. केंद्राची योजना १९७२ मध्ये सुरू झाली आणि १९८० मध्ये तिला 'सन्मान' हे नाव मिळाले. पुढे हैदराबाद विलीनीकरणाचा लढा आणि त्यातील सीमेवरील शिबिरेही तिच्यात धरली गेली. पात्रतेच्या अटींकडे एक संहिता म्हणून पाहिले तर त्यांतून स्वातंत्र्यसैनिकाची व्याख्याच हाती येते. सहा महिने तुरुंगवास (स्त्रियांना आणि अनुसूचित जातिजमातींना तीन महिने), भूमिगत असल्याचा शासकीय पुरावा, मालमत्तेची जप्ती, सरकारी नोकरी जाणे, गोळीबारात वा लाठीमारात आलेले कायमचे अपंगत्व, फटक्यांची शिक्षा. शरीराला झालेली इजा येथे गणली जाते, हे लक्षणीय आहे. फटके सुद्धा मोजले जातात. परंतु स्त्रीच्या शरीराला ज्या इजेची सर्वाधिक भीती होती, आणि जिच्या नावाने लढ्याची भाषणे झाली, ती या यादीत नाही. ज्या अत्याचाराने राजवटीविरुद्धचा पुरावा उभा केला, तोच अत्याचार जिच्यावर झाला तिच्या बाजूचा पुरावा होऊ शकला नाही. मधला भाकरीचा, निरोपाचा, पहाऱ्याचा व्यवहार तर कोणत्याच कागदावर उमटत नसल्यामुळे तोही यादीबाहेरच राहिला. तुरुंगाच्या अटीत दिलेली सवलत ही स्त्रीच्या लढ्याचे निराळेपण ओळखणारी नाही. पुरुषाच्या लढ्याचे माप अर्धे करून तिला दिले, एवढाच तिचा अर्थ.

६

संघर्षातून बाहेर पडणाऱ्या समाजात स्त्रीच्या वाट्याला असे का येते, या प्रश्नाचा विचार इतर भाषांनी केला आहे. पंजाबच्या फाळणीतील अपहृत स्त्री मंटोच्या, राजिंदरसिंग बेदींच्या आणि अमृता प्रीतमच्या लेखनात मध्यवर्ती आली. बेदींची 'लाजवंती' तर परत आलेल्या स्त्रीचीच कथा आहे. तारखेनंतर काय होते हा तिचा विषय. बांगलादेशात १९७१ च्या युद्धानंतर बलात्कारित स्त्रियांना शासनाने 'वीरांगना' म्हटले. त्या सन्माननामाचा अनेकींना कलंकासारखाच जाच झाला, हे नीलिमा इब्राहीम यांनी १९९४ च्या 'आमि वीरांगना बोलछि' या पुस्तकात त्यांच्याच निवेदनांतून पुढे आणले. पुस्तकाच्या शीर्षकातील क्रियापद 'बोलते आहे' असे आहे, हे ध्यानात घ्यावे. २०१५ मध्ये तेथील शासनाने यांतील काही स्त्रियांची मुक्तियोद्धा म्हणून अधिकृत नोंद केली. चव्वेचाळीस वर्षांनी इजा आणि लढा यांच्यामधील भिंत कागदावर तरी पडली.

हैदराबाद संस्थानाच्याच तेलुगू भागात याहून जवळचे उदाहरण आहे. तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढा ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेण्यात आला. त्यात भाग घेतलेल्या स्त्रियांची जीवनकथने 'स्त्री शक्ती संघटना' या गटाने ध्वनिमुद्रित केली. ती १९८६ मध्ये तेलुगूत आणि १९८९ मध्ये 'वी वेअर मेकिंग हिस्टरी' या नावाने इंग्रजीत आली. या कथनांचे वैशिष्ट्य असे की, ती लढा थांबला तेथे थांबत नाहीत. बंदूक हाती घेतलेल्या स्त्रीला लढा संपल्यावर घरी जा, लग्न कर, शिवणयंत्र चालव असे सांगितले गेले, याची हकीकत त्यांत येते. लढ्याविषयीचा अभिमान आणि लढ्यानंतरची फसवणूक एकाच निवेदनात शेजारी राहतात. यामुळे कथानकाचा चढता आलेख मोडतो. पण तो मोडल्यामुळेच ते कथन खरे वाटते.

मराठीतील मुक्तिलढ्याच्या लेखनाचा मुख्य प्रवाह हा आलेख मोडू देत नाही. आणि येथे समीक्षेची जबाबदारी सुरू होते. मौखिक साधने गोळा करणे हे इतिहासकाराचे काम असेल. पण मिळालेले साधन कसे ऐकायचे याची रीत समीक्षाच देऊ शकते. मराठवाड्याच्या बोलण्यात 'रझाकारात' हा कालवाचक शब्द आहे. अमक्याचा जन्म रझाकारातला, तमकीचे लग्न ॲक्शनच्या साली, अशी स्त्रियांची कालगणना असते. या कालगणनेत १७ सप्टेंबर हा दिवस वेगळा उमटत नाही. एक सलग, भयाने भरलेला काळ उमटतो. त्यात पळून जाणे, विहिरीवर पाणी न मिळणे, शेजारीण परत न येणे, आणि नंतर तिच्या घरात दुसरेच कोणी राहायला येणे, असे सारे एकाच दमात सांगता येते. इतिहासाच्या भाषेत ही अस्पष्टता ठरेल. समीक्षेच्या भाषेत तो कालाचा वेगळा आकृतिबंध आहे आणि त्यात दोन्ही बाजूंच्या स्त्रियांना एकाच वाक्यात ठेवण्याची क्षमता आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यात माजलगावसारख्या मराठवाड्याच्या ठिकाणांतील दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांविषयी रचलेल्या ओव्या आहेत. राजकीय इतिहास आपल्या परीने बांधण्याची रीत या स्त्रियांपाशी होती, एवढे त्यावरून निःसंशय सिद्ध होते.

या ऐकण्यात एक धोकाही आहे आणि तो आजच्या काळात विशेष जाणवतो. स्त्रीची साक्ष पुन्हा पुरावा म्हणून वापरली जाऊ शकते. एक पक्ष रझाकारांच्या बळी ठरलेल्या स्त्रिया मोजेल, दुसरा पक्ष पोलीस कारवाईनंतरच्या. आणि दोन्ही पक्ष आपापल्या तारखेपाशी मोजणी थांबवतील. हैदराबादचा लढा सामंती आणि धर्माधिष्ठित सत्तेविरुद्धचा न्याय्य लढा होता, हे मान्य करण्यास सुंदरलाल अहवाल आड येत नाही. तसेच त्या लढ्याच्या विजयानंतर निरपराध स्त्रियांवर अत्याचार झाले हे मान्य करण्यास लढ्याची न्याय्यता आड येऊ नये. ही दोन विधाने एकत्र उच्चारता न येणे, हा कथानकाच्या रूपाने आपल्यावर लादलेला संकोच आहे.

म्हणून अपेक्षा अशी की, मुक्तिलढ्याच्या साहित्याचे पुढील वाचन सतरा सप्टेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच कसोटीने व्हावे. ज्या संहितेत स्त्रीवरील अत्याचार येतो तेथे तो कोणाच्या हानीच्या रूपात येतो, त्याचा कर्ता वाक्यात आहे की नाही, आणि ती स्त्री त्यानंतर जगली असे संहितेला ठाऊक आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आतापर्यंतच्या बहुतेक कथनांत ती आघाताच्या क्षणीच संपते. प्रत्यक्षात सीनेच्या दोन्ही तीरांवरच्या अनेक स्त्रिया त्यानंतरही दीर्घकाळ जगल्या, नांदल्या, मुले वाढवली, शेते केली आणि सरहद्द पुसली गेलेली पाहिली. त्या सबंध आयुष्याचा काळ हाच या इतिहासाचा काळ होय.